रापणीची मोजदाद

मालवणपासून गोव्यातून कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर रापण ही मासेमारीची जुनी रीत आहे. पुढे कानडी मुलखात तिलाच रंपणी म्हणतात. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती राहतो. होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ घेते व दुसरे टोक काही अंतरावर वाळूला आणून देते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात. बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्याशी आले, तरच हे जाळे भरते. रापण माशाचा पाठलाग करीत नाही. त्याची वाट पाहते.

अशा मासेमारीची पाहणी करावी कशी? देशाचा सारा किनारा रोज मोजणे अशक्यच. म्हणून १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नमुना-पाहणीची पद्धत बसविली. किनाऱ्याचे विभाग पाडावयाचे, महिन्यातील काही दिवस व मासळी उतरण्याची काही ठिकाणे निवडावयाची आणि तेथील नोंदींवरून एकूण मासळीचा अंदाज बांधावयाचा, असे तिचे स्थूल स्वरूप आहे.

परंतु रापणीच्या बाबतीत नोंद घेणाऱ्याला एक मोह टाळावा लागतो. समजा, एका दिवशी ५ रापणी ओढल्या. दोहोंत २०० किलो प्रत्येकी मासळी आली व ३ रिकाम्या आल्या. भरलेल्याच नोंदविल्या, तर सरासरी २०० किलो दिसते. वास्तविक ती ८० किलोच असते. रिकामे जाळे हीही नोंदच होय.

दुसरी गोष्ट वाट्यांची. रापणीच्या मासळीत जाळे व होडी यांचा वाटा असतो, तसा ओढणाऱ्या हातांचाही असतो. १९७५ नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक पर्ससीन जाळी झपाट्याने वाढली. थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच ती त्यांना खोल पाण्यात वेढू लागली आणि रंपणी मागे पडली. अशा वेळी एकूण मासळीचा आकडा घटेलच असे नाही. घटतो तो वाळूवर उभ्या असलेल्या माणसाचा वाटा. म्हणून पाहणीच्या वहीत मासळीच्या वजनाबरोबर किती वेळा जाळे टाकले, किती हातांनी ओढले आणि प्रत्येकाच्या पदरी काय पडले, हेही आले पाहिजे. एरवी समुद्राचा हिशेब जुळेल. किनाऱ्याचा मात्र चुकेल.