ग्राफिक्स कार्डाचे ‘नाळे बा’

नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या कित्येक घरांच्या दारांवर ‘नाळे बा’ अशी अक्षरे लिहिलेली असत. रात्री दार ठोठावणाऱ्या भुताने ती वाचावीत, उद्या बोलावले आहे म्हणून माघारी जावे, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचावे, असा तो तोडगा. आपल्या भागात ही गोष्ट आजीकडून मराठीत आणि शेजारच्या अक्कांकडून कन्नडमध्ये, अशी दोनदा ऐकलेली मंडळी पुष्कळ असतील.

महागडा डेस्कटॉप कॉम्प्युटर घेणाऱ्यांच्या नशिबी मात्र हा तोडगा उलटा आला. इथे दार गिऱ्हाईक ठोठावते आणि पाटी कंपनी दाखवते. प्रोसेसर मिळतो, मेमरी मिळते, हार्ड डिस्क हवी तेवढी मिळते. चांगले ग्राफिक्स कार्ड मागितले की ‘नाळे बा’! घरोघरी याचे पडसाद उमटतात. ‘बाबा, अजून दोन महिने थांबूया, नवीन कार्ड येतंय,’ असे मुलगा म्हणतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. बाबांना वाटते, पोराला खेळायलाच हवे आहे. कधी कधी ते खरेही असते, पण नेहमी नाही.

हे कार्ड करते काय, ते आधी पाहू. प्रोसेसर हा लग्नघरातला मुख्य आचारी. कोणताही पदार्थ करील, अडचण आली तर डोके चालवील, पण हात दोनच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पाट मांडून पोळ्या लाटायला बसलेली बायकांची रांग. प्रत्येकीचे काम एकच आणि सोपे, पण शेकडो हात एकाच वेळी चालतात. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र हलते दिसायला ते सेकंदाला साठ वेळा रंगवायचे, म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके झाले. आचारी कितीही हुशार असला तरी एवढ्या पोळ्या एकट्याने लाटणार नाही.

म्हणून उद्यमबागेत यंत्राच्या सुट्या भागाचे त्रिमितीय चित्र पडद्यावर फिरवून पाहणाऱ्या इंजिनिअरला, घराचा आराखडा रंगवून दाखवणाऱ्या आर्किटेक्टला आणि लग्नाचा व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओवाल्याला हे कार्ड लागते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की स्टुडिओत कामाचा ढीग पडतो. कार्ड जुने असले तर रात्रभर मशीन घरघरत राहते आणि सकाळी पाहुण्यांचा फोन येतो, ‘अहो, सीडी कधी देताय?’ (आता पेनड्राइव्ह म्हणतात, पण फोन तोच असतो.) तेव्हा हे चोचले नव्हेत, पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

वाट पाहण्याची सर्वांत लांब आणि शिकण्यासारखी कहाणी आहे ती अमेरिकेतल्या अॅपल कंपनीच्या मॅक प्रो या डेस्कटॉपची. ऑगस्ट २००६ मध्ये तो बाजारात आला. किंमत २,४९९ डॉलर, आत इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर. धातूची पेटी उघडली की आतली मांडणी बघत राहावी अशी. कार्डे मात्र मोजून तीन. मूळ किमतीत एनव्हिडियाचे साधेसे जीफोर्स ७३०० जीटी, जास्त पैसे टाकले तर एटीआयचे रेडिऑन एक्स१९०० एक्सटी, आणि व्यावसायिकांसाठी महागडे क्वाड्रो.

तीनच महिन्यांत, नोव्हेंबर २००६ मध्ये, एनव्हिडियाने जीफोर्स ८८०० जीटीएक्स काढले. त्याने साऱ्या जुन्या कार्डांना मागे टाकले. विंडोज वापरणाऱ्याने दुकानात जाऊन ते आणले आणि बसवले. मॅक प्रोवाले नव्या कोऱ्या मशीनसमोर बसून वाट पाहत राहिले. एप्रिल २००७ मध्ये आठ कोअरचा मॅक प्रो आला, कार्डे जुनीच. त्या मालिकेतले ८८०० जीटी हे कार्ड मॅकला मिळाले ते जानेवारी २००८ मध्ये. तेही नव्या मॅक प्रोपुरते! २००६ साली विश्वासाने पैसे मोजलेल्या पहिल्या गिऱ्हाइकांना ते चालत नव्हते. त्यांच्यासाठीचे कार्ड आणखी काही महिन्यांनी आले.

आता कुणीही विचारील, की बाजारातले कार्ड आणून सरळ खोबणीत का घालू नये? खोबणी तर तीच होती. अडचण दोन ठिकाणी होती. कार्डावर एक छोटी चिप असते. मशीन सुरू होताना ‘मी अमुक कार्ड, मला असे चालवा’ हे ती सांगते. विंडोजच्या मशीनला हे बायोसच्या भाषेत लागे, तर मॅकला ईएफआयच्या. २००६ च्या मॅक प्रोचे ईएफआय ३२ बिटचे, २००८ च्या मशीनचे ६४ बिटचे. म्हणजे एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्याचीही भाषा एक नव्हे. आपल्याला दोन भाषांचे घर नवीन नाही, आपण निभावून नेतो. यंत्राला ते जमत नाही. दुसरी अडचण ड्रायव्हरची. कार्डाशी बोलणारा हा प्रोग्राम मॅकच्या सिस्टीममध्ये असायला हवा, आणि तो कधी घालायचा हे अॅपल ठरवणार. काही हिकमती लोक विंडोजच्या कार्डाची चिप पुसून तिच्यात मॅकची भाषा भरत. जमले तर उत्तम. फसले तर हजारो रुपयांचे कार्ड पेपरवेट म्हणून वापरायचे.

२०१० साली आणखी एक पेच पडला. अडोबीच्या प्रीमियर या एडिटिंगच्या प्रोग्रामची सीएस५ आवृत्ती आली. तिचा वेग एनव्हिडियाच्या क्युडा या तंत्रावर अवलंबून होता, म्हणजे कार्ड एनव्हिडियाचेच पाहिजे. त्याच वर्षीच्या मॅक प्रोसोबत अॅपल देत होती ती कार्डे एटीआयची, रेडिऑन ५७७० आणि ५८७०. प्रोग्राम एकाचा, कार्ड दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचे, आणि भुर्दंड एडिटिंग करणाऱ्याला. नवे मशीन घेऊन त्यात मागच्या पिढीचे जीटीएक्स २८५ शोधून बसवण्याची वेळ लोकांवर आली.

जून २०१२ मध्ये मॅक प्रोची किरकोळ डागडुजी झाली, पण कार्ड दोन वर्षांपूर्वीचेच राहिले. गिऱ्हाईक चिडले. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी एका गिऱ्हाइकाला ई-मेलने कळवले, की पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात काहीतरी खास येत आहे. ‘नाळे बा’ची पाटी खुद्द साहेबांच्या सहीने लागली म्हणायची.

आले ते खासच होते. डिसेंबर २०१३ मध्ये काळ्या चकचकीत नळकांड्याच्या आकाराचा मॅक प्रो विक्रीला आला. उंची जेमतेम पाणी प्यायच्या तांब्याहून थोडी अधिक. लोकांनी त्याला केराचा डबा म्हणून हिणवले, पण दिसायला देखणा होता, हे कबूल केले पाहिजे. आत एएमडीची दोन कार्डे (एटीआय कंपनी २००६ सालीच एएमडीने विकत घेतली होती), डी३००, डी५०० किंवा डी७००. पण ती खास त्या नळकांड्याच्या मापाची बनवलेली. बाजारातले दुसरे कोणतेही कार्ड आत बसणारच नाही. ‘स्वल्प अॅडजस्ट माडी’ असे बसमध्ये म्हणतात तसे कंपनीने साऱ्या व्यावसायिकांना सांगितले, आणि सीट मात्र एकच ठेवली.

मग काय झाले? २०१४ गेले, २०१५ गेले, २०१६ गेले. बाजारात कार्डांच्या पिढ्या बदलल्या, नळकांडे तेच राहिले. एप्रिल २०१७ मध्ये अॅपलने मोजक्या पत्रकारांना बोलावून जे सांगितले ते कंपन्या सहसा सांगत नाहीत. क्रेग फेडरिघी यांनी मान्य केले, की उष्णतेच्या बाबतीत आपण आपल्याच आराखड्याने कोपऱ्यात अडकलो. तीन बाजूंच्या पट्टीवर दोन कार्डे आणि एक प्रोसेसर अशी उष्णता वाटून घेण्याची ती रचना होती. जग मात्र एका मोठ्या, जास्त तापणाऱ्या कार्डाकडे गेले. ते त्या डब्यात थंड ठेवता येईना. नवा मॅक प्रो करू, असे त्यांनी सांगितले. तोवर ‘नाळे बा’. तो ‘उद्या’ उजाडला डिसेंबर २०१९ मध्ये. म्हणजे २०१३ ची कार्डे सहा वर्षे विकली गेली.

या सहा वर्षांत एक मजेची गोष्ट घडली. २०१० आणि २०१२ चे जुने, बोजड, खोबण्यांचे मॅक प्रो लोकांनी टाकले नाहीत. २०१८ मध्ये मोजावे ही सिस्टीम आली तेव्हा अॅपलनेच सांगितले, की या जुन्या पेट्यांत मेटल चालवणारे कार्ड घातले तर मोजावे चालेल. आणि चालणाऱ्या कार्डांच्या यादीत सफायरचे रेडिऑन आरएक्स ५८० होते. २०१० ची पेटी आणि २०१७ चे कार्ड! मधल्या देखण्या नळकांड्याला हे भाग्य नव्हते. माझ्या मते साऱ्या कहाणीतला कळीचा मुद्दा इथे आहे. कार्ड उशिरा आले यापेक्षा, ते आल्यावर ठेवायला जागा होती की नाही, याने माणसे तरली किंवा बुडाली.

एनव्हिडियाची वाट पाहणाऱ्यांचे काय झाले, तेही सांगायला हवे. त्याच मोजावेमध्ये एनव्हिडियाच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर आलेच नाहीत. दोन कंपन्यांच्या रुसव्यात कोणाचे किती चुकले यात आपण शिरायला नको. सोयरिकीत दोन व्याही बोलेनासे झाले की सोसते कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

२०१९ चा मॅक प्रो ५,९९९ डॉलरचा. त्यात मोठ्या खोबण्या परत आल्या, एएमडीची नवी कार्डे २०२२ पर्यंत येत राहिली. पण २०२० पासून अॅपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिपा वापरायला सुरुवात केली होती, आणि त्यांत ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असते. जून २०२३ मध्ये एम२ अल्ट्रा चिपचा मॅक प्रो आला, किंमत ६,९९९ डॉलर. आत सहा मोकळ्या खोबण्या. साउंडचे, स्टोरेजचे, नेटवर्कचे कार्ड घाला; ग्राफिक्स कार्ड तेवढे चालणार नाही. २०२५ साली एम३ अल्ट्रा ही पुढची चिप आली ती लहानग्या मॅक स्टुडिओत. सतरा वर्षे ज्यांनी चांगल्या कार्डाची वाट पाहिली त्यांना शेवटी वाट पाहण्याचेच कारण उरले नाही, ते असे.

विंडोजवाल्यांनी यावर हसू नये. १७ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० आले, ६९९ डॉलर जाहीर किंमत. सुरुवातीलाच साठा संपला. एकीकडे कोविडमुळे सारे घरात, चिपांचा जगभर तुटवडा, आणि दुसरीकडे इथेरियम हे आभासी चलन ‘खणायला’ लोक एकेका खोलीत डझनावारी कार्डे लावून बसलेले. पोळ्या लाटणाऱ्या साऱ्या बायका एकाच श्रीमंताच्या लग्नाला गेल्या, तर बाकीच्या कार्यांचे काय व्हायचे? जाहीर किमतीच्या दुप्पट मोजायची तयारी ठेवली तरच कार्ड मिळे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने हिशेबाची पद्धत बदलली, खणणे एका दिवसात बंद पडले आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला.

आता ते लग्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या घरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचे उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर होते. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरांकडून आले, आणि गेमिंगच्या कार्डांतून अकराच्या आसपास. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर कितवा लागणार, हे या आकड्यांवरून दिसतेच. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची जाहीर किंमत १,९९९ डॉलर, आणि ते कार्ड एकटेच ५७५ वॅट वीज मागते.

मग घरात मुलगा किंवा मुलगी थांबूया म्हणाली तर काय करावे? काम अडले असेल, म्हणजे कॉलेजचा प्रोजेक्ट आहे किंवा स्टुडिओत ऑर्डर पडून आहे, तर थांबू नये. जे मिळते त्यातले मधल्या दराचे घ्यावे. सगळ्यात वरच्या कार्डाला निम्मे पैसे असतात ते नुसते पहिले असण्याचे. काम अडले नसेल आणि नव्या पिढीची तारीख कंपनीने स्वतः जाहीर केली असेल, तर खुशाल थांबावे, कारण जुन्याचा भावही थोडा खाली येतो. तारीख नसलेल्या ‘लवकरच’साठी थांबणाऱ्यांचे हाल वर वाचलेच आहेत.

वाट पाहायचीच तर पैसे आधी पेटीवर आणि पॉवर सप्लायवर घालावेत. खोबणीतून कार्डाला ७५ वॅटच मिळतात, बाकीची वीज पॉवर सप्लायच्या वेगळ्या वायरीतून यावी लागते. दुकानदार स्वस्तातले असेंबलिंग करून देताना कात्री लावतो ती नेमकी इथे, कारण ही वस्तू बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात वीज ये-जा करते, तेव्हा यूपीएसही त्या बेताचा लागेल. आणि टेप घेऊन पेटीची आतली लांबी मोजावी. एनव्हिडियाचे स्वतःचे ५०९० हे ३०४ मिलिमीटरचे, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढे आहे. इतर कंपन्यांची त्याहून लांब असतात. दुकानात जाताना मोजलेला आकडा चिठ्ठीवर लिहून न्यावा.