सावत्र घरात अबोला नको, घाईही नको

मुलं पदरात असताना दुसरं लग्न ठरलं की चहूबाजूंनी सल्ले येऊ लागतात. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातले बरेचसे सल्ले जसेच्या तसे पाळले, तर घर जुळण्याऐवजी त्यात गट पडतात.

‘हे हल्लीचं आहे, आपल्याकडे नव्हतं.’
होतं. बाळंतपणात बायका दगावत आणि बिजवराचं लग्न लगेच लागे. अनेक जातींत विधवेचा पाट लावला जाई. धोंडो केशव कर्व्यांनी 1893मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ 11 वर्षांचा होता. संततिनियमनासाठी पुढे आयुष्य वेचणारे र. धों. कर्वे ते हेच. आज बदललंय ते एवढंच, की घटस्फोटानंतरच्या लग्नात मुलाचा दुसरा पालक हयात असतो आणि त्याच्याशी बोलणं चालू ठेवावं लागतं.

‘वर्षभरात रुळतील सगळे.’
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी अशा कुटुंबांच्या मुलाखती घेऊन अभ्यास केला. ज्यांना अडचणींची जाण लवकर आली, त्यांनाही घडी बसायला साधारण 4 वर्षं लागली. इतरांना सरासरी 7. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: सावत्र पालकाला येणारं परकेपण कोणाच्या दुष्टाव्यातून येत नाही, ते अशा घराच्या रचनेतच असतं. जेवताना बाप-लेक जुन्या आठवणींवर हसतात आणि नव्याने आलेली बाई गप्प बसून राहते. नवऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण त्याला दोन्ही माणसं आपलीच वाटतात. अशा वेळी ‘मला बाहेरची असल्यासारखं वाटतं’ हे तिने त्याला सांगावं, आणि त्याने लगेच मुलीची बाजू मांडायला न धावता ऐकून घ्यावं. तक्रार आणि हे सांगणं यात फरक आहे.

‘आधीच्या आईचा विषय काढूच नका, मूल विसरेल.’
सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. भिंतीवरचा फोटो उतरतो, आजीला दटावलं जातं, मामाकडचं येणंजाणं कमी होतं. मूल विसरत नाही. आईचं नाव या घरात चालत नाही, एवढंच ते शिकतं. मग नवी आई आवडू लागली, तरी आपण आपल्या आईशी बेइमानी करतोय असं त्याला वाटतं, आणि ते मुद्दाम तुसडेपणाने वागतं. मोठ्यांना त्यात उद्धटपणा दिसतो. ही कोंडी मोठ्यांनीच फोडायला हवी: ‘तुझ्या आईची जागा मला घ्यायची नाही. ती तिचीच आहे. तिच्याबद्दल माझ्याशी बोललास तर मला वाईट वाटणार नाही.’ आणि ‘आई म्हण’ असा आग्रह नको. मावशी म्हणणारं मूलही जीव लावतं.

संवादाच्या अभ्यासक डॉन ब्रेथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998मध्ये अशा कुटुंबांतल्या सणांचा आणि प्रथांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या घराच्या आणि नव्या घराच्या, दोन्ही प्रथांना मान देणं फलदायी ठरतं, असं त्यातून दिसलं. आपल्याकडे याला आयती जागा आहे. अविधवा नवमीला मुलाच्या दिवंगत आईचं पान नव्या आईने मुलाला सोबत घेऊन वाढलं, तर ते मुलापर्यंत शंभर समजुतींपेक्षा लवकर पोचतं.

‘पहिल्या दिवसापासून धाक हवा.’
मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे तीन दशकांत जवळजवळ 1,400 कुटुंबांचा अभ्यास केला. आधी मुलांशी मैत्री करून शिस्तीच्या बाबतीत सख्ख्या पालकाच्या पाठीशी उभे राहणारे सावत्र पालक अधिक यशस्वी ठरले. म्हणून नियम आईने सांगावा. ती घरी नसेल, तर नव्या बाबांनी ‘नऊनंतर मोबाइल नाही, असं आईने ठरवलंय’ इतकंच म्हणावं. स्वतःचे नियम नंतर, नातं मुरल्यावर.

‘तूच सांग ना तुझ्या बाबांना.’
शाळेची फी, सुट्टीतला मुक्काम, उशिरा आलेले पैसे: हे निरोप मुलाच्या हाती देऊ नयेत. ब्रेथवेट यांच्याच 2008च्या अभ्यासात मुलांनी हे नेमकं सांगितलं. आपल्याबद्दल काय ठरतंय ते त्यांना कळायला हवं असतं, पण दोन घरांच्या भांडणात मध्ये सापडायचं नसतं. मोठ्यांनी एकमेकांना थेट मेसेज करावा, कोरडा असला तरी चालेल.

‘लग्न झालं की मूल कायद्यानेही आपलंच.’
नाही. हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार सावत्र मूल ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणून वारस ठरत नाही. सावत्र आईच्या मालमत्तेबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1987मध्ये हे स्पष्ट केलं. तिथे सावत्र मुलाचा क्रमांक तिच्या नवऱ्याचा वारस म्हणून नंतर लागतो. तेव्हा रीतसर दत्तक घ्यायचं की मृत्युपत्र करायचं हे दोघांनी वेळेत ठरवावं, आणि मुलं कळती झाली की त्यांना समोर बसवून स्वतः सांगावं. वकिलाच्या नोटिशीतून त्यांना ते कळू नये.