‘ह्याला सूरच नाही’ म्हणण्यापूर्वी

गैरसमज : सूर उपजतच असावा लागतो, नसला तर शिकवून येत नाही.

बालवर्गातल्या पालकांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता राग येतो. मूल जेमतेम चार वर्षांचं. बडबडगीत म्हणताना सूर जरा इकडेतिकडे गेला की आजी, मामा, शेजारी सगळे निकाल देऊन मोकळे : ‘आमच्याकडे कुणाला गळाच नाही.’ पुढे स्नेहसंमेलनात त्याच मुलाला मागच्या रांगेत उभं करून ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं जातं. सरावाची गरज सगळ्यांत जास्त ज्याला, त्याचंच गाणं बंद!

वस्तुस्थिती : सूर न कळण्याचा जन्मजात दोष असतो, पण तो दुर्मीळ आहे. इझाबेल पेरेत्झ आणि डॉमिनिक वुव्हान यांनी २०१७ मध्ये सुमारे २०,००० लोकांच्या चाचण्यांवरून त्याचं प्रमाण दीड टक्का काढलं. शंभरात दोघांनाही नसणारा दोष आपण अख्ख्या खानदानाच्या माथी मारतो. लयीची जाण तर पाळण्यातच असते. इश्तवान विंकलर आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या नवजात बाळांना ठेका ऐकवला आणि मधूनच समेची थाप गाळली. ती गाळल्याची दखल बाळांच्या मेंदूच्या विद्युत आलेखात उमटली. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग चार वर्षांचं मूल सुरात का गात नाही? कारण सूर ओळखणं आणि तो गळ्यातून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. कान आधी तयार होतो, गळ्यावर ताबा सावकाश येतो. त्यात बाबा आपल्या पट्टीत, खर्जाकडे झुकून गाणार. तिथवर मुलाचा आवाज पोचतच नाही. त्याला त्याच्या सोयीच्या पट्टीत गाऊ द्या आणि आपण त्याच्या मागे जा.

कान तयार करायला घरातल्या दोन चिनी मातीच्या वाट्या आणि लाकडी चमचा पुरे. दोन्ही सारख्या घ्या; एक रिकामी ठेवा, दुसरी पाण्याने जवळजवळ भरा. मुलाला पाठमोरं बसवून एकेक वाजवा : कुठली वाजली? बरोबर ओळखता आलं की तो सूर ‘आ’कारात त्याच्याबरोबर गुणगुणा. मग चमचाचमचा पाणी काढून दोन्हींतलं अंतर कमी करत न्या. पुढे तिसरी वाटी घ्या आणि खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत त्यालाच ओळीने मांडू द्या.

‘वरचा सूर काढ’ म्हटल्यावर मूल ओरडतं, ते हट्टाने नव्हे. सुराची उंची आणि आवाजाचा जोर यांत या वयात घोळ होतोच. एकच वाटी हळू आणि जोरात वाजवून दाखवा : जोर बदलला, सूर तोच. सुराची चढउतार हाताने दाखवा.

गैरसमज : पाणी वाढलं की सूर उतरतोच.

वाटीवर आघात केला की वाटी आणि पाणी मिळून कंप पावतात. पाण्याने वजन वाढतं, सूर उतरतो. जलतरंग असाच लावतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की मात्र आतली हवा कंप पावते. पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते आणि सूर चढतो. नळाखाली कळशी भरताना आवाज चढत जातो, तोही यामुळेच. डोळे मिटून ‘भरत आली’ हे ओळखायला सांगा. मुलं या खेळाला कंटाळत नाहीत.

गैरसमज : ताल संथ लयीत आणि यंत्रावर शिकवावा.

दोन्ही चूक. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते; फार संथ ठेका त्यांना धरून ठेवता येत नाही. किर्शनर आणि टोमासेलो यांच्या २००९ च्या प्रयोगात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांनी यंत्रापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाशी लय अधिक चांगली जुळवली. मोबाइल बाजूला ठेवा, एक डबा तुम्ही घ्या, एक त्याला द्या. त्याच्या चालीने सुरुवात करा. सहा मात्रांचा दादरा, आठांचा केरवा. पहिल्या मात्रेवर डबा, बाकीच्या मांडीवर.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात :

पेटी हवीच. – नाही. आपल्या संगीतात ‘सा’ गाणाऱ्याच्या सोयीने ठरतो. वाट्या एकमेकींशी जुळल्या की झालं.

भांडी बडवली की ताल येतो. – थांबणं हाही तालच. ‘वाजव–थांब’ खेळा. ताट-झाकणं कानाजवळ मात्र नकोत.

रोज तासभर बसवावं. – पाच मिनिटं पुरेत. मूल उठलं की खेळ संपला.

मोझार्ट ऐकवला की बाळ हुशार होतं. – १९९३ चा मूळ प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम जेमतेम पंधरा मिनिटं टिकला.

लक्ष देत नाही म्हणजे गाण्याची आवड नाही. – कदाचित नीट ऐकू येत नसेल. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं या वयात नेहमीचं आहे. हाक मारली तरी वळत नसेल, बोलणं उशिरा येत असेल, तर वाट्या राहू द्या आणि आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या.