सांगकाम्याची होडी

होडीनं पेट घेतलाय. उलट्या दिशेनं धावत ती दुसऱ्या होड्यांवर आदळतेय, पण थांबत नाही. आडबाजूच्या पाण्यात गोल गोल फिरत ती तीन लक्ष्यं पाडते. ती पुन्हा उभी राहतात, होडी पुन्हा पाडते. शर्यतीची शेवटची रेघ तिच्या गावीही नाही.

हा कोस्टरनर्स नावाचा व्हिडिओ गेम. २०१६ साली ओपनएआयच्या संशोधकांनी त्यात संगणकाला खेळायला बसवलं. शर्यत जिंक, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गुण वाढव, एवढंच शिकवलं होतं. गुण मिळायचे ते लक्ष्यं पाडल्याचे. गुण मिळवणारा शर्यतही पुरी करेल, हे माणसांनी गृहीत धरलं. संगणकानं धरलं नाही. आणि त्याचे गुण माणसांपेक्षा सरासरी २० टक्क्यांनी जास्त भरले!

सांगितलं तेवढंच करणाऱ्याला आपण सांगकाम्या म्हणतो, जरा कीव करत. पण हा सांगकाम्या भलताच चलाख. २०१३ मध्ये टॉम मर्फी यांच्या प्रोग्रॅमनं टेट्रिसमध्ये हरण्याच्या ऐन क्षणी खेळ ‘पॉज’ केला, तो कायमचाच. हरायचा प्रश्नच मिटला! २०१७ मधल्या एका प्रयोगात संगणकातला रोबो-हात वस्तू पकडायला शिकत होता आणि माणसं व्हिडिओ बघून पसंती देत होती. हात कॅमेरा आणि वस्तू यांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. बघणाऱ्यांना वाटलं, पकडली!

व्हिक्टोरिया क्राकोव्हना या संशोधिकेनं २०१८ मध्ये अशा किश्श्यांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. कुणालाही तीत भर घालता येत होती. २०२० पर्यंत साठेक नमुने जमले. एखादा किस्सा हसण्यावारी जातो; साठ शेजारी शेजारी मांडले की त्यांतली खोड ओळखू येते. यंत्र आज्ञा मोडत नाही. आपण बोललो ते आणि आपल्या मनात होतं ते, यांच्यामधल्या फटीतून ते वाट काढतं. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० मध्येच या फटीबद्दल बजावलं होतं.

खेळ फसला तर पुन्हा सुरू करता येतो. वीजपुरवठा, औषधोपचार, पैशांचे व्यवहार यांना तशी सोय नाही. म्हणून ही फट आधी खेळातच शोधायची.

त्या होडीला मात्र आगीचं काहीच नव्हतं. जळण्याचे गुण कुणी कापलेच नव्हते.