तिसऱ्या क्रमांकाचा ‘सयाजीराव’

शर्यतीच्या निकालपत्रात घोड्याचा क्रमांक ठळकपणे छापला जातो. तो कोणत्या अंतरावर मिळाला, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील १९४३ च्या पहिल्या डर्बीचा वृत्तान्त या लेखांकात यावयाचा होता. परंतु हरलेला घोडा पुढे त्याच प्रतिस्पर्ध्यांना कसा मागे टाकतो, हा विंझर येथील एका वाचकाचा प्रश्न गेल्या आठवड्यातील फर्लांगांच्या हिशेबाला इतका लागून आहे की आधी त्याचा विचार करणे इष्ट ठरते. आणि त्यासाठी बडोद्याच्या गायकवाडांचा ‘सयाजीराव’ हाच घोडा घेतला पाहिजे.

खेड तालुक्यातील दावडीचे हे घराणे. त्यातील महाराज प्रतापसिंहराव यांनी १९४५ साली हे यर्लिंग, म्हणजे साधारण वर्षभराचे शिंगरू, २८,००० गिनींना, म्हणजे २९,४०० पौंडांना विकत घेतले. तोवर ब्रिटनमध्ये कोणत्याही यर्लिंगला एवढी किंमत आली नव्हती. त्याचा सख्खा थोरला भाऊ ‘दान्ते’ त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता, हे त्या किमतीचे कारण. नाव दिले गेले ते महाराजांच्या आजोबांचे, म्हणजे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचे. सामान्य घोडा तिसरा आला तर त्याचे कौतुक होते. भावाची कीर्ती आणि विक्रमी किंमत पाठीवर असलेला घोडा तिसरा आला, तर पैसे पाण्यात गेले असे म्हटले जाते.

१९४७ साली नेमके तेच घडले. एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’मध्ये ‘ट्यूडर मिन्स्ट्रेल’ आठ लांबींनी जिंकला (लांबी म्हणजे एका घोड्याच्या देहाएवढे अंतर) आणि सयाजीराव तिसरा आला. दीड मैलाच्या डर्बीत फ्रान्सचा ‘पर्ल डायव्हर’ पहिला, ‘मिगोली’ दुसरा, आणि सयाजीराव पुन्हा तिसरा. सर्वांची भिस्त असलेला ट्यूडर मिन्स्ट्रेल मात्र चौथ्या क्रमांकावर घसरला. क्रमांक तोच राहिला तरी त्याचा अर्थ बदलला होता, कारण मैलभर हाती न लागलेला घोडा अर्धा मैल वाढताच मागे पडला होता. तोरण्याच्या चढणीवर पायथ्याशी धावत सुटणारा आणि माथ्यावर आधी पोहोचणारा एकच असतो असे नाही. वेग आणि दम हे घोड्याचे दोन स्वतंत्र गुण असून अंतर वाढेल तसतसे पारडे दमाकडे झुकते.

त्यानंतर सयाजीरावाने आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरात डॉनकॅस्टर येथे पावणेदोन मैलांहून किंचित लांब ‘सेंट लेजर’ झाली. त्या काळच्या पाच प्रमुख ‘क्लासिक’ शर्यतींतील ही सर्वांत लांब पल्ल्याची. एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीने सयाजीरावाला दौडवले आणि फ्रान्सच्या ‘आर्बार’ला त्याने केवळ डोक्याभर अंतराने मागे टाकले. डर्बीत त्याच्या पुढे गेलेला मिगोली या वेळी तिसरा होता. जोडी तीच, हंगामही तोच, बदलले होते ते अंतर; वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः एवढेच आहे. हा दम रक्तातलाही असतो, याचा पुरावा पुढे मिळाला: सयाजीरावाचाच मुलगा ‘इंडियाना’ १९६४ साली सेंट लेजर जिंकला.

लांबणीवर पडलेली महालक्ष्मीची डर्बी आता पुढील लेखांकात येईल. तेथेही घोडी बडोद्याचीच, ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’, आणि तिच्यावरचा जॉकीही हाच एडगर ब्रिट.