डेऱ्यापासून धुण्याच्या यंत्रापर्यंत



परीटघडीचा सदरा अंगांत घालतांना त्या घडीमागें किती श्रम उभे आहेत याचा विचार आपण क्वचितच करतों. धुणें हें घरकामांतील अत्यंत कष्टाचें काम, आणि तें देशोदेशीं बहुधा बायकांच्याच वांट्यास आलेलें. एकोणिसाव्या शतकांत जर्मन कुटुंबांत कांहीं आठवड्यांनीं एकदां 'मोठें धुणें' निघे. आदल्या रात्रीं कपडे भिजत घालावयाचे, दुसऱ्या दिवशीं ते मोठ्या हंड्यांत उकळावयाचे, पन्हाळीदार फळीवर एकेक कपडा घासावयाचा, मग खळबळून व पिळून वाळत टाकावयाचा. हे श्रम हलके करण्याच्या उद्योगांत एका लहानशा कार्यशाळेचा मोठा कारखाना कसा झाला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हा कारखाना म्हणजे जर्मनींतील मीले. १ जुलै १८९९ रोजीं कार्ल मीले व राइनहार्ड त्सिंकान या दोघांनीं वेस्टफालियांतील हेर्त्झेब्रोक या खेड्यांत, एका जुन्या गिरणीच्या जागेंत आपली कार्यशाळा थाटली. मीले यंत्रांकडे पाहत, त्सिंकान व्यापाराकडे. ११ माणसें, ४ लेथ आणि भोंकें पाडण्याचें १ यंत्र, एवढाच सारा पसारा. आणि तेथें तयार काय होई? धुण्याचें यंत्र मुळींच नव्हे. दुधांतून मलई निराळी काढणारें यंत्र.

या यंत्राचें तत्त्व स्वीडनमधील गुस्ताफ द लाव्हाल यांनीं १८७८ मध्यें व्यवहारांत आणलें होतें. शाळेंत मुलांना तें समजावून देतांना मी पाण्यानें भरलेला लोटा दोरीला बांधून गरगर फिरवीत असें. लोटा डोक्यावर उपडा झाला तरी पाणी सांडत नाहीं, तें तळाशीं दडपून राहतें. तसेंच दूध एका भांड्यांत अतिशय वेगानें फिरविलें, तर त्यांतील जड भाग बाहेरच्या कडेला जातो आणि हलकी मलई मध्याशीं गोळा होते. हें केंद्रोत्सारी प्रेरणेचें काम. भांडें थोडें जरी एकीकडे जड राहिलें तरी तें थरथरूं लागतें. म्हणून अशीं यंत्रें करणाराचा हात अचूक असावा लागतो.

मलई निघाली कीं लोणी आलेंच. तेव्हां या कार्यशाळेनें लोणी घुसळण्याचीं लांकडी यंत्रेंही करावयास घेतलीं, आणि त्यांतूनच १९०१ मध्यें कपडे धुण्याचें पहिलें यंत्र जन्मास आलें. त्याची रचना आपल्या गृहिणींना चटकन समजेल. एक लांकडी पीप, त्यावर झांकण, आणि झांकणाच्या खालीं उलट्या तिवईसारखा लोंबणारा लांकडी फिरका. वरची मूठ चालविली कीं दांतेरी चक्रांच्या योगानें फिरका एकदां इकडे व एकदां तिकडे फिरे. आपल्या डेऱ्यांतील रवी दोरीनें फिरते, अगदीं तसा. हें उलटसुलट फिरणें महत्त्वाचें आहे. फिरका एकाच दिशेनें फिरत राहिला तर कपड्यांचा पीळ पडून त्यांची दोरी होते. दिशा बदलली कीं पीळ सुटतो आणि साबणाचें पाणी कापडाच्या आरपार जातें.

परंतु या यंत्रानें गृहिणीची सुटका झाली असें मात्र कोणीं समजूं नये. तिचें फक्त घासणें वांचलें. पाणी भरणें, तें तापविणें, मूठ चालविणें, शेवटीं कपडे पिळणें हें सारें तसेंच राहिलें. यंत्र घरांत आलें म्हणजे कष्ट घरांतून गेले, हा समज तेव्हांही खोटा होता.

उद्योग मात्र वाढला. जागा अपुरी पडूं लागली म्हणून १९०७ मध्यें कारखाना जवळच्या ग्यूटर्सलो या लोहमार्गावरील गांवीं गेला. त्याच वर्षीं ड्यूसेलडॉर्फ येथील हेंकेल कंपनीनें 'पर्सिल' ही धुण्याची पूड बाजारांत आणली. या दोन गोष्टी एकमेकींस पूरक कशा, हें पुढें १९५९ मध्यें हेंकेलमधीलच हर्बर्ट सिनर यांनीं सुंदर रीतीनें मांडलें. धुण्यास चार गोष्टी लागतात : रसायन, हालचाल, उष्णता व वेळ. एक कमी केली कीं बाकीच्या वाढवाव्या लागतात. म्हणजे पुडीनें आणि यंत्रानें आपला वांटा उचलला, तेवढा माणसाच्या मनगटावरचा भार उतरला.

वाढत्या उद्योगाबरोबर मोहही येतात. १९१२ मध्यें या कारखान्यानें मोटारगाड्या काढावयास आरंभ केला. १९१४ मध्यें तें काम थांबविलें. सायकली १९२४ पासून १९६० पर्यंत निघाल्या, पुढें त्याही गेल्या. टिकलें तें घरकामाचें यंत्र. विजेची मोटर आली, मूठ गेली. आणि १९५६ मध्यें मीले यांचें पूर्ण स्वयंचलित धुण्याचें यंत्र निघालें. अशा यंत्रांत ज्या पिंपांत कपडे धुतले जातात तेंच शेवटीं भरधाव फिरतें, आणि भोंकांतून पाणी बाहेर फेकलें जातें. पिळण्याचें काम आतां त्याच केंद्रोत्सारी प्रेरणेकडे आलें, जी हेर्त्झेब्रोकच्या गिरणींत दुधांतून मलई काढीत होती! कारखान्यानें धंदा बदलला असें वरवर दिसतें; वस्तुतः हाताला अवगत असलेली विद्याच त्यानें नव्या गरजेस लावली. रुग्णालयांस व उपाहारगृहांस लागणारीं मोठीं यंत्रें आज हॅनोव्हरजवळच्या लेर्टे येथील त्यांच्या कारखान्यांत होतात. मालकी अद्यापि त्याच दोन कुटुंबांकडे, चौथ्या पिढीकडे आहे, आणि कामकऱ्यांची संख्या २०,००० वर गेली आहे.

येथें गोष्ट संपविली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु २०२४ च्या फेब्रुवारींत असें जाहीर झालें कीं, घरगुती धुण्याच्या यंत्रांची ग्यूटर्सलो येथील बहुतेक जुळणी २०२७ पर्यंत पोलंडमधील क्सावेरूव येथें न्यावयाची. ग्यूटर्सलो येथील सुमारें ७०० जागांवर त्यामुळें गदा येणार होती, आणि कामगार संघटनेनें साहजिकच विरोध केला. खर्च वाढला, मागणी घटली, ही मालकांची बाजू. ती खोटी म्हणतां येत नाहीं. पण ज्या गांवानें चार पिढ्या या यंत्रांस आपले हात दिले, त्याचा कांहीं हक्क राहतो कीं नाहीं? घराण्याची मालकी आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. उलट तो अधिक बोंचतो, कारण तेथें मालक आणि कामकरी एकमेकांस पिढ्यानपिढ्या ओळखतात.

पहिल्या दिवसांपासून या कारखान्याचें ब्रीद 'नेहमीं अधिक चांगलें' असें आहे. यंत्रांच्या बाबतींत तें त्यांनीं पुष्कळसें खरें केलें. माणसांच्या बाबतींत तें खरें होतें कीं कसें, याचा निर्णय ग्यूटर्सलोचींच घरें देतील. उद्यां आपल्या घरांतलें यंत्र घरघरूं लागलें, तर त्यांत एक जुना डेरा फिरतो आहे आणि त्याच्यामागें कोणाचे तरी हात आहेत, एवढें आपण आठवावें, आणि मला रजा द्यावी.