बांधकामाचं अंदाजपत्रक: मापं, दर आणि जमिनीखालचं

घर बांधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘चौरस फुटाला काय पडेल?’ ठेकेदारही एक आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्यावर कर्ज निघतं, दागिने गहाण पडतात आणि काम स्लॅबपर्यंत आलं की पैसे संपतात. जमीन काळी आहे की मुरमाड, पाया किती खोल न्यावा लागेल, वाळू कुठून येणार, यातलं काहीही चौरस फुटाच्या दरात नसतं. ते सगळं असतं अंदाजपत्रकात. त्यासाठी दोन-चार दिवस द्यायला मात्र लोक तयार नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अंदाजपत्रकाचा कणा म्हणजे मोजमाप पत्रक. एकेका आयटमपुढे नग, लांबी, रुंदी, उंची आणि शेवटी परिमाण. खोदाई, पायातलं काँक्रीट, वीटकाम, गिलावा, फरशी, रंग अशा क्रमाने इमारत कागदावर एकदा पुरी बांधून होते. मग गोषवाऱ्यात परिमाणाला दराने गुणतात. बेरीज सगळ्यांना येते. कसोटी लागते ती परिमाण काढताना.

आतून 4 बाय 3 मीटरची एक खोली घ्या. भिंत 23 सेंटिमीटर जाड, उंची 3 मीटर. भिंतीची लांबी आतून धरली तर 14 मीटर भरते, बाहेरून धरली तर 15.84. दोन्ही चूक. आतून मोजलं तर कोपरे सुटतात, बाहेरून मोजलं तर तेच कोपरे दोनदा येतात. म्हणून भिंतीच्या मध्यरेषेवरून मोजायचं: 14.92 मीटर. त्यावरून वीटकाम येतं 10.29 घनमीटर. त्यातून एक दार आणि 1.2 मीटरच्या दोन चौकोनी खिडक्या वजा केल्या की उरतं 9.15, आणि लिंटेलचं काँक्रीट त्यातूनही जातं. आतलं आणि बाहेरचं माप यांतला फरक सव्वा घनमीटरचा आहे. घनमीटरला साधारण 500 विटा धरल्या तर सहाशेच्या वर विटा एका खोलीत इकडच्या तिकडे होतात.

गिलाव्याचा नियम मला फार आवडतो. मोजमापाच्या आयएस 1200 या भारतीय मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजाच करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंतची एकाच बाजूने वजा करतात आणि कडांचा गिलावा वेगळा धरत नाहीत. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या. कडांना लागणारा माल आणि गवंड्याची मेहनत वजाबाकी न केलेल्या जागेत भरून निघते. दोन्ही पक्षांचा विचार इतक्या थोडक्यात बसवणारा नियम शोधून सापडायचा नाही.

दराचंही पृथक्करण असतं. 1:1.5:3 प्रमाणाच्या काँक्रीटचा एक घनमीटर ओला माल करायला कोरडा माल दीडपटीहून थोडा जास्त लागतो, म्हणजे सिमेंटची सुमारे आठ पोती. त्यात वाळू, खडी, मजुरी, मिक्सर आणि वाहतूक मिळवली की दर उभा राहतो. सरकारी कामात हे हिशेब दरसूचीत तयार मिळतात. तिला जुने लोक अजून डीएसआरच म्हणतात. पण दरसूची उघडली म्हणजे काम झालं असं नाही. माल किती लांबून येतो, म्हणजे त्याचा ‘लीड’, हा ज्याचा त्याने काढायचा. रत्नागिरीत भिंत जांभ्या चिऱ्यांची, ती नगावर. देशावर काळा दगड, तो ब्रासवर. शंभर घनफुटांचा हा ब्रास मेट्रिक मापं येऊन कितीतरी दशकं झाली तरी खाणीवर आणि ट्रकच्या हौद्यात टिकून आहे.

या कामाचं शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. सार्वजनिक बांधकामांवर लागणारे कनिष्ठ कर्मचारी घडवण्यासाठी पुण्यात 1854 साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्याचंच पुढे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. तिथून बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

अंदाजपत्रक सर्वांत जास्त फसतं ते जमिनीखाली. कागदावर दीड मीटर मुरूम धरलेला असतो. खोदायला घेतलं की काळी माती तीन मीटरपर्यंत संपत नाही, नाहीतर एका हातावर पाषाण लागतो. माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांचे दर वेगवेगळे, त्यामुळे पहिल्याच बिलात गणित हलतं. दोन चाचणी खड्डे आधी घेतले असते तर हे कळलं असतं. घाई अशी की प्रस्ताव मार्चअखेर गेला पाहिजे, आणि खड्डे राहून जातात.

दुसरी दुखरी जागा निविदेची. रास्त मोजलेल्या कामावर कोणी पंचवीस टक्के ‘बिलो’ भरतो तेव्हा दोनच शक्यता उरतात: दर फुगवलेले होते किंवा काम कमी होणार. दुसरी खरी असेल तर कमी पडतं ते सिमेंट आणि पाणी मारणं, कारण लोखंड निदान मोजून दाखवावं लागतं.

आणि वेळ. विदर्भातल्या गोसीखुर्द प्रकल्पाला 1983 मध्ये मान्यता मिळाली ती 372 कोटींची. 2016 च्या सुधारित मान्यतेत तो 18 हजार कोटींच्या पुढे गेला. भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन, वाढलेली कामं, सगळं त्यात आलं. म्हणूनच अंदाजपत्रकावर कुठल्या सालची दरसूची धरली ते लिहिलेलं असतं. ते साल सरलं की आकडे शिळे होतात.

प्रत्यक्ष झालेलं काम मोजून नोंदवायचं ते मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खाडाखोड नाही. चुकलं तर रेघ मारून सही. एमबीतली परिमाणं अंदाजपत्रकाशेजारी मांडून बघायची सवय ज्या कार्यालयांत आहे, तिथले कनिष्ठ अभियंते लवकर तयार होतात. खोदाईत तिप्पट वाढ का झाली, लोखंड दहा टक्के कमी का लागलं, हे एकदा त्यांच्या डोळ्यांखालून गेलं की पुढच्या कामाला खोलीचा रकाना भरण्याआधी ते कुदळ आणि दोन माणसं घेऊन साइटवर जातात.